अर्धे मैदान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे आटोपशीर केले आहे.)



वर्धापनदिनाला कोणीतरी दोन शब्द बोलायचे, ही आपली रीत. मागे एकदा मधुमेहावर डॉक्टरीणबाई बोलल्या, एकदा मृत्युपत्रावर वकीलबाई बोलल्या. यंदा चिटणीसबाईंनी मला धरले. म्हणाल्या, "तुम्ही शाळेत इतकी वर्षे मुलींची कवायत घेतलीत, तुम्ही खेळावर बोला." कवायत घेतली हे खरे. लेझीम शिकवले, खोखो शिकवला, लंगडी शिकवली. लंगडी या शब्दाची मोठी गंमत आहे. आपण तो खेळालाही वापरतो आणि माणसालाही. खेळात मुलगी एका पायावर जितकी जास्त टिकते तितक्या टाळ्या आपण वाजवतो. माणसाच्या बाबतीत मात्र तोच शब्द आपण हलक्या आवाजात, पाठीमागे बोलतो. आज त्याच अनुषंगाने एका खेळाडू मुलीची हकीकत सांगावी असे मनात आले. पहिल्या रांगेत एक जागा दोन वर्षांपासून रिकामी असते. तिच्याविषयीही बोलायचे आहे, पण ते शेवटी.

२०१९ चा श्रावण आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. ऑगस्टच्या २५ तारखेला स्वित्झर्लंडमधील बासेल गावी पी. व्ही. सिंधू बॅडमिंटनची जगज्जेती झाली. एकेरीत असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. पुढच्याच मंगळवारी आपल्याकडे मंगळागौरीचे खेळ होते, आणि फुगड्यांच्या आधी आपण पेढे वाटले. पेढे मीच आणले होते. माझी कॉलेजात जाणारी भाची पेढा हातात धरून मला म्हणाली, "मावशी, आणि दुसरीचा पेढा?" मला वाटले, पोरीला आणखी एक हवा आहे. मी दिलाही. ती म्हणाली, "तसे नव्हे गं. त्याच गावात, त्याच आठवड्यात आणखी एक मुलगी जगज्जेती झाली. आपल्या मानखुर्दची. तिचे नाव कोणी घेतलेच नाही."

त्या मुलीचे नाव मानसी जोशी. मला तोवर ठाऊक नव्हते, हे प्रांजळपणे सांगते.

आपल्या हार्बर लाइनीने मुंबईकडे निघाले की वाशीची खाडी ओलांडल्यावर मानखुर्द लागते. तेथून जवळच अणुशक्तिनगर, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या नोकरदारांची वसाहत. मानसीचे वडील त्या केंद्रात शास्त्रज्ञ होते. तिचा जन्म १९८९ चा, राजकोटचा. पण वाढली ती या वसाहतीत. सहाव्या वर्षी वडिलांनी तिच्या हाती रॅकेट दिली. आपल्या मुलामुलींना सुटीत आपण पोहायला किंवा पेटीच्या क्लासला घालतो, त्यातलाच प्रकार. मुलीने यावर पोट भरावे असे कोणाच्या मनात नव्हते. ती शिकली, सोमय्या महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली, संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला लागली. सरळ रेषेत चाललेले आयुष्य.

२ डिसेंबर २०११ रोजी ती स्कूटरवरून कामावर निघाली असता ट्रकने तिला उडवले. आपण पनवेलच्या बायका. जुना पुणे रस्ता आपल्या दारावरून गेलेला. ट्रक आणि दुचाकी यांची गाठ म्हणजे काय, ते मी वर्णन करून सांगायला नको. डॉक्टरांनी पाय वाचवण्याची खटपट केली, पण काही दिवसांनी तो सडू लागला आणि डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तेव्हा ती २२ वर्षांची होती.

अशा गोष्टी आपल्याकडे नेहमी अपघातापाशी रेंगाळतात. आपण डोळ्यांना पदर लावतो, "काय गं बाई नशीब एकेकाचे" म्हणतो, आणि गोष्ट संपली असे समजून चहा ठेवायला उठतो. मला जे सांगायचे आहे ते यानंतरचे आहे.

गुडघा शाबूत असला तर कृत्रिम पायाने चालणे तुलनेने सोपे जाते. गुडघाच गेला की नवा पाय म्हणजे नुसता पाय नसतो, गुडघ्याचे यंत्रही त्यातच असते. मांडीचा उरलेला भाग एका वाटीत बसवायचा, तिला सॉकेट म्हणतात. ती घट्ट झाली तर कातडी सोलते, सैल झाली तर पाय निसटतो. घाम आला की आणखी पंचाईत, आणि आपल्याकडची हवा तर तुम्हांला माहीतच आहे. नव्या पायावर पाऊल टाकायला, भार पेलायला, पडल्यावर उठायला शिकावे लागते. मानसी ते सारे शिकली. पाय सरावाचा व्हावा म्हणून ती पुन्हा बॅडमिंटनच्या मैदानावर उतरली. पुढे कंपनीतल्या स्पर्धेत दोन्ही पाय धड असलेल्या सहकाऱ्यांशी खेळली आणि जिंकली. यावर नीरज जॉर्ज या खेळाडूने तिला सांगितले, की अपंगांच्या बॅडमिंटनचा राष्ट्रीय संघ असतो, त्यासाठी तू प्रयत्न कर.

२०१४ साली आशियाई स्पर्धेच्या निवडीला ती गेली आणि निवड झाली नाही. पाय गेलेली मुलगी धीराने खेळते आहे, तेव्हा तिला घेऊन टाका, असे कोणी म्हणाले नाही. मला हे फार बरे वाटले. खेळ पुरेसा चांगला नव्हता, तर घेतले नाही. म्हणजे तिला खेळाडू म्हणून तोलले. नोकरी सांभाळून तिने सराव वाढवला, आणि २०१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचे रौप्यपदक आणले.

या स्टोक मँडेव्हिलविषयी थोडे सांगते, कारण अपंगांच्या खेळांचे ते माहेर. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेले सैनिक तेथल्या इस्पितळात असत. डॉक्टर गुटमन नावाचे एक ज्यू गृहस्थ, जे हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली निसटून आले होते, ते तेथे प्रमुख होते. असे रुग्ण खाटेवर पडून राहतात आणि पडून पडूनच मरतात, हे त्यांना सोसवेना. त्यांनी खेळ हेच औषध केले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, इस्पितळाच्या आवारात १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. त्या सोळांत स्त्रियाही होत्या, हे मुद्दाम सांगते. त्याच बीजातून १९६० साली रोमला पॅरालिंपिक भरले. १९७६ साली स्वीडनमध्ये बर्फावरचे पहिले पॅरालिंपिक झाले. एका पायाची माणसे डोंगरउतारावरून बर्फात घसरत येतात, काठ्यांच्या टोकांना छोट्या घसरपट्ट्या लावून तोल सांभाळतात. दूरदर्शनवर एकदा मी ते पाहिले आणि माझ्याच पोटात गोळा आला.

आपण मराठी माणसेही यात मागे नव्हतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पोहणे त्यांना उपचार म्हणून सांगितले होते. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये ४६ वर्षे गेली. आपण किती लवकर पाहतो, याचा हा हिशेब.

आता खेळाची रीत सांगते, म्हणजे पुढचे कळेल.

अपंगांच्या बॅडमिंटनमध्ये गट असतात. चाकाच्या खुर्चीवर बसून खेळणाऱ्यांचे निराळे, हाताला अपंगत्व असलेल्यांचे निराळे, उंची खुंटलेल्यांचे निराळे. उभे राहून खेळणाऱ्यांत ज्यांच्या पायांची उणीव जास्त, त्यांच्या गटाला एसएल ३ म्हणतात. मानसी त्या गटातली. या गटाची एकेरी अर्ध्या मैदानावर खेळतात. मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते, त्याच्या मध्यरेषेवरून उभे दोन भाग करायचे आणि एकाच भागात खेळायचे. म्हणजे साधारण १० फुटांची पट्टी उरते.

मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा म्हटले, चला, बरे झाले, निम्मे श्रम वाचले. मग भाचीने मला तिच्या फोनवर एक सामना दाखवला आणि माझा गैरसमज उतरला. रुंदी कमी झाली, लांबी तेवढीच राहिली. प्रतिस्पर्धी तुम्हांला डावीउजवीकडे पळवू शकत नाही, म्हणून पुढेमागे पळवतो. एकदा जाळ्यापाशी अलगद टाकायचे, दुसऱ्यांदा डोक्यावरून अगदी पाठीमागच्या रेषेवर. तुम्ही घरात नुसते दोन पावले पाठमोऱ्या चालून पाहा, आणि त्यातल्या एका पायाच्या गुडघ्याला काहीच कळत नाही असे समजा. शिवाय पट्टी अरुंद म्हणून शटल दमदाट करून सहज जमिनीवर मारता येत नाही. समोरची ते परत देतेच. एकेक गुण संपता संपत नाही. दम लागतो तो तिथे. गेम २१ गुणांचा, तीनपैकी दोन जिंकायचे, हे सिंधूला तसेच मानसीला. यात सवलत कोणाला नाही.

२०१७ साली कोरियात जागतिक स्पर्धेचे कांस्य, २०१८ साली जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कांस्य, अशी ती चढत गेली. २०१८ मध्येच ती हैदराबादला गोपीचंद यांच्या प्रबोधिनीत शिकायला गेली. सिंधू तेथेच सराव करीत होती. म्हणजे बासेलच्या त्या आठवड्यात एकाच आखाड्यातल्या दोघी जगज्जेत्या झाल्या आणि आपण एकीचाच पेढा वाटला! त्या वर्षी मानसीने वजन उतरवले, व्यायामशाळेत घाम गाळला, आणि पायाची ती वाटी नवी करून घेतली. जुनी पाच वर्षांहून अधिक वापरली होती आणि तिच्यामुळे सराव मंदावत होता. साधी गोष्ट आहे. चप्पल चावत असेल तर आपण बाजारातून अर्ध्या वाटेवरून परत येतो.

बासेलच्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर गुजरातच्या पारुल परमार होत्या. वयाने सोळा वर्षांनी मोठ्या, लहानपणी पोलिओ झालेला, आणि गतविजेत्या. या खेळात आपल्या देशाचे नाव त्यांनी किती तरी आधीपासून राखलेले. मानसी त्यांच्याकडून पूर्वी हरलेली होती. या खेपेस तिने २१-१२, २१-७ असा सामना जिंकला. जगज्जेतेपदाचा सामना दोन भारतीय बायकांत झाला, आणि आपल्या मंडळात कोणाला पत्ता नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगते. बॅडमिंटन पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदा आले ते टोकियोला. ती स्पर्धा २०२० ची, महामारीमुळे २०२१ साली झाली. आपले खेळाडू तेथे चमकले. ओडिशाचे प्रमोद भगत यांनी एसएल ३ याच गटात पुरुष एकेरीचे सुवर्ण मिळवले. मानसी मात्र टोकियोला गेली नाही. दुखापत नव्हती आणि फॉर्मही गेला नव्हता. स्पर्धेच्या यादीत एसएल ३ पुरुषांची एकेरी होती, एसएल ३ स्त्रियांची एकेरी नव्हती. एकूण १४ प्रकार घ्यायचे ठरले, त्यांत हा बसला नाही. जगज्जेती घरी बसली.

मला त्या रात्री झोप आली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. झोप आली. पण सकाळी दळणाचा डबा उचलताना पुन्हा तेच मनात आले. पाय गेला तो ट्रकने. त्याला इलाज नव्हता, आणि त्यावर या मुलीने काय केले ते आपण पाहिले. टोकियो गेले ते कोणीतरी कागदावर एक ओळ घातली नाही म्हणून. त्यावर हैदराबादच्या घामाचा काही उपयोग नव्हता. कागद करणारी माणसे दुष्ट असतील असेही मला वाटत नाही. त्यांनी आपले जागा, दिवस, संख्या यांचे गणित मांडले असेल आणि चहा घेऊन घरी गेले असतील.

दरम्यान तिचे कौतुकही पुष्कळ झाले. २०२० साली तिचा फोटो 'टाइम' या अमेरिकन नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आला, आणि बार्बी बाहुल्या करणाऱ्या कंपनीने तिच्यासारखी बाहुली केली, कृत्रिम पायासकट. ती बाहुली मला आवडली. आपण भातुकलीत पाय तुटलेली बाहुली अडगळीत टाकत आलो. २०२२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार आणि बाहुल्या निराळ्या. खेळाडूला सामना हवा असतो.

तो सामना मिळाला पॅरिसला, २०२४ साली. स्त्रियांची एसएल ३ एकेरी यादीत आली. गंमत अशी की त्याच यादीतून उभे राहून खेळणाऱ्या स्त्रियांची दुहेरी गेली, आणि २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत मानसीने तमिळनाडूच्या तुलसीमती मुरुगेसन हिच्याबरोबर रौप्य मिळवले होते ते नेमके दुहेरीतच! एक दार उघडले आणि दुसरे लागले. एकेरीत तिचे वय तोवर ३५ झालेले. पहिला सामना इंडोनेशियाच्या मुलीशी, पहिला गेम जिंकून पुढचे दोन हरली. दुसरा युक्रेनच्या मुलीशी, तोही पहिला गेम जिंकून, तिसऱ्यात अगदी काठावर येऊन हरली. गटातच स्पर्धा संपली. इंडोनेशियाची ती मुलगी पुढे रौप्यपदक घेऊन गेली.

मी फोनवर पाहत होते. वाईट वाटले. भाची म्हणाली, "मावशी, रडतेस काय? बॅकहँडला कमी पडली." मी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले. मला बॅकहँड कळत नाही, पण मुलीने तिला हरलेली खेळाडू म्हणून पाहिले आणि मी बिचारी म्हणून, हे मला कळले.

आता त्या रिकाम्या जागेविषयी.

आपल्या माई या मंडळाच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. भजनाला पेटी त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी साखरेमुळे त्यांचा उजवा पाय काढावा लागला. मी तेव्हा कार्यकारिणीवर होते. संक्रांतीच्या आधी मी त्यांच्याकडे गेले आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "माई, आता तुम्ही कशाला दगदग करता? तिळगूळ आणि वाण आम्ही घरी पोचवू." त्या काही बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला. त्यानंतर दर वर्षी वाण घरी पोचते. आपण सर्वांनी याला सोय म्हटले, मीही म्हटले.

गेल्या महिन्यात हे भाषण तयार करताना मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. मानसीची गोष्ट सांगितली, त्यांना धीर यावा म्हणून. माईंनी धीराचे काही घेतले नाही. त्यांनी विचारले, "तिला पाय चढवायला किती वेळ लागतो?" मग विचारले, "घामाने सरकतो का? माझा सरकतो." मग पदके विचारली, एकेक. टोकियोची हकीकत आली तेव्हा त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "माझे नाव कमी करायला सभा बोलावली होती का गं?"

मी म्हटले, "माई, नाव कमी कुठे केले? वर्गणी घेतोच की आम्ही."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "मला चढता येते की नाही, हे मला विचारले कोणी? काठी घेऊन मी डॉक्टरांकडे जाते, बँकेत जाते. तुमच्या त्या जिन्याला कठडा एका बाजूला, तोही मधेच संपतो. तेवढीच अडचण आहे."

परत येताना मी हा जिना मोजला. १९ पायऱ्या आहेत. इतकी वर्षे चढते आहे, आज मोजल्या. बाराव्या पायरीपाशी कठडा खरोखरच संपतो. सुताराला विचारले, त्याने खर्च सांगितला आहे. तो कागद मी चिटणीसबाईंकडे दिला आहे आणि येत्या सभेत तो विषय पत्रिकेवर घ्यावा अशी माझी विनंती आहे. स्मरणिकेच्या जाहिरातींतून जी शिल्लक उरेल तिच्यात ते काम होण्यासारखे आहे.

तोवर भजन माझ्या घरच्या ओटीवर ठेवू, तेथे एकच पायरी आहे. येत्या शुक्रवारी, पाच वाजता. पेटी कोणीतरी दोघींनी येथून खाली उतरवून आणावी, माझी कंबर आता साथ देत नाही. माईंनी येते म्हटले आहे. त्यांना मांडी घालता येत नाही, खुर्ची लागेल. पण त्या म्हणतात, मी एकटी खुर्चीवर उंच बसणार नाही, आणखी तिघीचौघी बसत असतील तरच. गुडघे दुखणाऱ्या आपल्यात काही कमी नाहीत. त्यांनी आपली नावे आज जाताना माझ्याकडे द्यावीत, म्हणजे खुर्च्या किती आणायच्या ते कळेल.